बोटीची खांदमळणी

आमच्या घरात पूर्वी पोहता येणारा एकच जण होता, तो म्हणजे आमचा पांढरा बैल. बाकी सगळे कोरडे. माझ्या लहानपणी सिंदीला (ही रेल्वेची सिंदी, वर्ध्याला लागून असलेली मेघ्यांची नव्हे, हे दरवेळी सांगावं लागतं) होळी झाली की आमच्या मळ्यातली विहीर तळ दाखवायची. मग बंडीवर ड्रम ठेवून दुसऱ्याच्या विहिरीवरून पाणी आणायचं. पहिलं पाणी वांग्यांना, कारण वांगी बाजारात जायची. दुसरं बैलांना, कारण ड्रम तेच ओढायचे. माणसांचा नंबर शेवटी. एका तांब्यात अंघोळ करायची कला मला अजूनही येते. आधी डोकं, मग उरलंच तर बाकीचा मी.

त्या घरातून मी बी.कॉम. झालो. घराण्यातला पहिला. पॅसेंजरनं वर्ध्याला रोज जाऊन-येऊन झालो आणि बाजार समितीत कारकून म्हणून लागलो. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. म्हणजे थोडं त्यासाठीही सांगतो.

अशा घरातली पोरगी शिडाच्या बोटीची शर्यत खेळते, हे कोणाला सांगितलं तर आधी तो माझ्याकडं बघतो आणि मग आभाळाकडं. त्याचं असं झालं की नौदलातून निवृत्त झालेल्या वानखेडे सरांनी आमच्या जवळच्या धरणावर मुलांसाठी एक क्लब काढला. तन्वी चौथीत असताना तिची शाळेची सहल तिथं गेली. सगळी पोरं डबे उघडून बसली आणि ही बोटीत जाऊन बसली. सरांनी उतर म्हटलं तर म्हणाली, "मी इथंच जेवतो." (आमच्याकडं पोरीही 'जेवतो'च म्हणतात.) तेव्हापासून ती उतरलेली नाही.

ती बोट एका पोरापुरती असते. ऑप्टिमिस्ट म्हणतात तिला. पुढून नाक कापल्यासारखी चपटी, मध्ये एक डोलकाठी, एक शीड, मागं सुकाणू. पोरानं बोटीच्या काठावर बसायचं, पाय आतल्या पट्ट्यात अडकवायचे आणि वारा वाढला की पाठ पाण्यावर झोकून द्यायची, म्हणजे बोट सरळ राहते. माझी बायको सुनंदा हे पहिल्यांदा पाहून आली तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जणू वारा मीच सोडला होता.

मागच्या वर्षी तन्वीला घेऊन आम्ही भोपाळला गेलो होतो. या शर्यतीत नियम असा की पहिली बोट पोचली की बाकीच्यांना थोडा ठरलेला वेळ मिळतो. तेवढ्यात आलात तर नावापुढं आकडा येतो, नाही आलात तर इंग्रजी अक्षरं येतात आणि मोटारबोट दोरी बांधून तुम्हाला काठावर आणून सोडते. भोपाळला तन्वीच्या नावापुढं नुसती अक्षरंच होती. मोटारबोटवाला शेवटच्या दिवशी तिला नावानं हाक मारू लागला, इतकी ओळख झाली. ही बातमी सिंदीत आमच्या आधी पोचली. आमच्याकडं बंद पडलेली जीप दोरीनं ओढून आणतात त्याला टोचन म्हणतात. शेजारचे नामदेवराव वर्षभर मला एकच विचारायचे.

"काय मंग दिलीप, पोरगी जाते शिडावर अन् येते टोचनवर. तं शीड काऊन लावता? तेवढंच वजन कमी होइन."

मी हसायचो. तन्वी हसायची नाही. यंदा हैदराबादचं ठरलं तेव्हा ती जेवताना म्हणाली, "औंदा एक बी शर्यत माही मी पुरी नाई केली, तं मी बोट सोडतो. मंग तुमी म्हणान तं कबड्डी खेळतो."

आबाजींनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. मग म्हणाले, "मी येतो हैदराबादले."

निघालो

अडचण एकच होती. शर्यत ऐन पोळ्यात आली होती. सिंदीच्या माणसानं पोळ्याला गाव सोडायचं म्हणजे लग्नात नवरदेवानं बाहेरगावी जाण्यासारखं आहे. त्यात आमच्याकडचा तान्हा पोळा. पोट्टे लाकडी बैल सजवून ओढत नेतात आणि घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. तन्वीचा लाकडी नंदी या वर्षी माळ्यावरच राहिला. आबाजींचं दुःख जुनं होतं. घरचे खरे बैल ट्रॅक्टर आल्यावर गेले. तेव्हापासून पोळ्याला ते दुसऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर हात फिरवून येतात.

जीप ठरवली. टपावर बोट उलटी बांधली. आत सर, आम्ही चौघं, शीड, सुकाणू, आणि सुनंदानं केलेलं खाणं. त्या खाण्याला स्वतंत्र सीट होती. पाटवड्या, तिखट पुऱ्या, ठेचा, आणि एका मोठ्या डब्यात पुरणपोळ्या.

"पोळा कुठंबी आला तरी पोळाच असते," ती म्हणाली. "हैदराबादवाले पुरण करतीन का आपल्यासाठी?"

पांढरकवड्याच्या पुढं एका हॉटेलवर चहाला थांबलो. एक मिशीवाले गृहस्थ जीपभोवती दोन चकरा मारून आले, टपावर टकटक करून पाहिलं आणि सरांना विचारलं, "ढोराईचा हौद का? किती पाणी मावते?"

सर नौदलातले. ते ताठ होऊन म्हणाले, "ही नौका आहे."

"हो, पण पाणी किती मावते?"

"आत पाणी यायला नको, बाहेर पाहिजे."

गृहस्थांनी मान हलवली. "मंग असा हौद घेऊन काय कामाचा?" असं म्हणून ते गेले. आबाजी जीपमध्ये बराच वेळ हसत होते. सर आदिलाबादपर्यंत खिडकीबाहेर बघत होते.

आदिलाबाद गेलं की पोह्याच्या गाड्या संपतात आणि इडलीच्या सुरू होतात. सुनंदाला इडली आवडली, पण सांबार गोडसर लागलं म्हणून तिनं पिशवीतून ठेचा काढून त्यात कालवला. वेटर बघत होता. त्यानं चव मागितली. तिनं दिली. तो आत गेला आणि पाण्याचा जग घेऊनच बाहेर आला. आमच्या टेबलासाठी नव्हता, स्वतःसाठी होता.

हैदराबाद

हुसेनसागर दिसला तेव्हा आबाजी काठावर कठड्याला धरून उभे राहिले. मध्ये बुद्धाची उभी मूर्ती, पलीकडं उंच इमारती आणि हे एवढं पाणी.

"याचं पाणी कोन्या वावराले जाते?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "कुठंच नाही जात आबाजी. शहर आहे."

"म्हणजे हे असंच ठेवलं आहे?"

"हो."

ते कठड्यावरून पाण्याकडं वाकले. मग म्हणाले, "वास बी येते. ठेवून ठेवून येइन नाई तं काय."

चहा मात्र त्यांना पटला. टपरीवाल्यानं अजून एक पुढं केला तेव्हा सुनंदा नको म्हणाली, तर तो म्हणतो, "नक्को तो नक्को, अम्मा." आबाजी खूश. "हा आपलाच माणूस आहे, इकडं येऊन बिघडला." रात्रीच्या जेवणात आंबट पालेभाजी आली, हॉटेलवाला तिचं काहीतरी मोठं नाव सांगू लागला, पण आबाजींनी एका घासात ओळखली. अंबाडी. मग त्यांनी तीनदा मागितली आणि वाढणाऱ्या पोराला अंबाडीत भरड कशी घालायची ते सविस्तर सांगितलं. तो तेलुगू बोलणारा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि चौथ्यांदा वाढली.

तळ्यावर मुंबई, पुणे, चेन्नई, कुठून कुठून पोरं आली होती. आम्हाला सगळ्यात नवल वाटलं ते पालकांचं. आमच्याकडं पोरगं खेळायला गेलं की आई-बाप कामाला जातात. इथं आई-बापांनी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या, दुर्बिणी आणल्या होत्या, आणि पोरांच्या तोंडाला पांढरं मलम लावायची लगबग चालली होती. पुण्याच्या एका बाईंनी तन्वीच्या तोंडालाही प्रेमानं मलम लावलं. सुनंदानं त्यांना पाटवडी दिली. दोघींनी एकमेकींचं नाव न विचारता संध्याकाळपर्यंत गप्पा मारल्या.

पोळ्याची आदली संध्याकाळ

आता जे झालं त्यात माझाही हात आहे, आणि तो हात पिवळा होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं बैलांची खांदमळणी असते. वर्षभर ज्या खांद्यानं जू ओढलं, त्या खांद्याला लोणी-हळद लावायची, पळसाच्या पानानं शेकायचं, आणि बैलाच्या कानात सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या.

सर बैठकीला गेले होते. बोटी काठावर रांगेत लावून ठेवल्या होत्या. आबाजी पिशवी घेऊन आले. त्यातून हळद निघाली, दुकानातून आणलेलं लोणी निघालं, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली पळसाची पानं निघाली. ती सिंदीहून आली होती.

"परमुलखात पळस भेटन का नाई, काय भरवसा," ते म्हणाले. "तन्वे, हिचा खांदा कुठं?"

तन्वीनं बोटीभोवती चक्कर मारली. विचार करून काठावर हात ठेवला. "मी इथं बसून बाहेर झुकतो. सारं वजन इथंच येते. हाच खांदा."

मला ते पटलं. तुम्हीच सांगा, चूक कुठं होती? वजन येतं तो खांदा. आबाजींनी दोन्ही बाजूंच्या काठांना मन लावून लोणी-हळद चोळली, मी पळसाचं पान धरलं. कितीतरी वर्षांनी त्यांचे हात तसे चालताना पाहिले. थोडं उरलं ते त्यांनी बोटीच्या पोटालाही लावलं, कारण उरलेलं परत नेत नाहीत.

मग कान शोधायला लागले.

"आबाजी, हिले कान नाई," तन्वी म्हणाली.

"कान नाई असं कुठं असते? वारा कसा ऐकते मंग?"

शेवटी पुढच्या बाजूला दोरी बांधायची एक कडी होती, ती मुक्रर झाली. आबाजी गुडघ्यावर बसले, कडीला तोंड लावलं आणि हळूच आवतन दिलं. शेजारच्या बोटीवरच्या चेन्नईच्या मुलीनं हे पाहिलं. तिला वाटलं ही काही तपासणी आहे. तीही आपल्या बोटीच्या कडीत डोकावून आली.

पोळा

सकाळी वारा चांगला होता. तन्वी इतरांसोबत रेषेवर उभी राहिली. सुरुवातीला सगळ्या बोटी एकमेकींना खेटून असतात. पुण्याच्या त्या बाईंचा मुलगा ईशान शेजारी होता. तन्वीची बोट अंगावर येते म्हणून त्यानं हातानं तिचा काठ ढकलला आणि त्याच हातानं आपलं शीड सावरलं. पांढऱ्या शिडावर पाच बोटं पिवळीधमक उमटली. लक्ष्मीपूजनाला उंबरठ्यावर उमटवतात तशी.

भोंगा वाजला. वारा भरला. तन्वीनं पाय पट्ट्यात अडकवले, पाठ झोकली, आणि आमच्या डोळ्यांदेखत लोण्यावरून सरकून पाण्यात गेली. इतकी सरळ गेली की उडी मारली असं वाटलं. सुनंदानं माझा दंड धरला. पोरीचं डोकं वर आलं, ती पोहत आली, बोटीत चढली, बसली, झुकली आणि परत गेली. तिसऱ्यांदा बोटच तिच्यावर उलटली. बोटीमागं पाण्यावर तेलकट पिवळा पट्टा तरंगत होता, आणि लांबून पाहणाऱ्याला वाटावं की कोणाचं वरण सांडलं.

सर दुर्बीण लावून होते. त्यांनी ती खाली केली आणि हळू आवाजात विचारलं, "दिलीपराव, ही घसरते का आहे?"

मी सांगितलं. सरांनी टोपी काढली, डोकं पुसलं आणि टोपी परत घातली.

त्या दिवशीच्या बाकीच्या शर्यती तन्वीनं बोटीच्या तळात बसून केल्या. प्रत्येक वेळी वेळ संपला, दोरी आली, टोचन लागलं. काठावर उतरली तेव्हा तिचे कपडे, हात, गाल सगळं हळदीचं होतं. ती सरळ बोटीतलं पाणी उपसायला लागली.

वर आमच्यावर तक्रार झाली. ईशानच्या प्रशिक्षकानं लिहून दिलं की या बोटीनं पाण्यात काही पदार्थ सोडला. बोट पाण्यावरून सुळकन जावी म्हणून अंगातून काही सोडायला नियमानं बंदी आहे. खरी ठरली असती तर तन्वीला दुसऱ्या दिवशी उतरू द्यायचं की नाही हाच प्रश्न होता.

खोलीत तीन पंच. मधल्या बाई पांढऱ्या टोपीतल्या. मी इंग्रजीत सुरुवात केली. बैल या शब्दापर्यंत माझं चांगलं चाललं होतं. खांदमळणीला अडलो. बाई म्हणाल्या, हिंदीत बोला. तेवढ्यात आबाजी पुढं झाले.

"मॅडम, आज उसकू काम पे जाना था. तो कल शाम को खांदा मळ दिया."

"किसका?"

"बोट का."

"बोट का कंधा होता है?"

"होता है. कान भी है, जरा छोटा है."

एका पंचांनी खोकल्यासारखं केलं आणि कागदात तोंड घातलं. बाईंनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "क्या लगाया?"

"लोणी. खाने का है, अच्छा है."

"इससे बोट तेज चली?"

आबाजींच्या आधी तन्वी म्हणाली, "बोट नहीं चली. मैं चली. पानी में."

बाईंनी ईशानला विचारलं. तो प्रामाणिक पोरगा. म्हणाला, "ती माझ्या पुढं गेलीच नाही. ती स्वतःच्या बोटीबरोबरही गेली नाही." त्याच्या प्रशिक्षकाला हसू आवरेना आणि तक्रार तिथंच संपली. शिक्षा काही नाही, पण उद्या उतरायच्या आधी बोट घासून स्वच्छ करायची, असा हुकूम झाला.

आम्ही निघालो तेव्हा बाईंनी आबाजींना थांबवलं. "और कान में क्या बोला?"

"खाने कू बुलाया. आज."

"तो खाना खिलाओ पहले," बाई म्हणाल्या. "फिर धोना."

मग बोटीला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. ईशान, त्याची आई, चेन्नईची मुलगी, सगळे जेवले. त्यानंतर सगळ्यांनी मिळून काठ घासले. साबण, वाळू, जुना टॉवेल. लोणी निघालं. हळद काही निघाली नाही, पण हळदीवरून कोणी घसरत नाही.

आबाजींनी घासायला हात लावला नाही. बाजूला बसून राहिले. मी जवळ गेलो तर म्हणाले, "पोरीचं मीच वाटोळं केलं, दिलीप. तिचा एक दिवस गेला."

तन्वीनं ऐकलं. हातातला टॉवेल पिळत ती म्हणाली, "आबाजी, आमी खांदा पुसला. कान नाई पुसला. आवतन आहेच आत."

काठावर आल्यापासून आमच्यापैकी कोणाशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य. आबाजी उठले आणि त्या कडीच्या जागेवरून एकदा हात फिरवून आले.

शेवटची शर्यत

दुसऱ्या दिवशी सकाळी वाराच नव्हता. झेंडे लोंबत होते, पोरं बोटीत बसून बिस्किटं खात होती. जाहीर झालं की वारा आला तर एक शर्यत होईल, नाही तर कारभार संपला. सुनंदाचे ओठ नुसते हलत होते. आबाजी मूठभर माती हातात घेऊन उभे होते. कशाला, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

उशिरा थोडा वारा आला. शर्यत सुटली.

या वेळी तन्वी काठावर बसली आणि बसून राहिली. एवढ्यावरच आम्ही टाळ्या वाजवल्या. शेजारच्या खुर्च्यांवरच्या लोकांना वाटलं ती पुढं निघाली. ती मागंच होती. पहिल्या बोयाला, म्हणजे पाण्यातल्या तरंगत्या खुणेला, वळसा घातला, दुसऱ्यालाही घातला. मग वारा परत पडला. पुढच्या बोटी पोचल्या, भोंगा वाजला, आणि मागच्यांचा वेळ सुरू झाला.

तिच्या बोटीनं तिथं उभं राहणं पसंत केलं. बुद्धाच्या मूर्तीसारखं. मोटारबोट जवळ गेली. माणसानं दोरी उचलून दाखवली. तन्वीनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. तो काहीतरी बोलला, तिनं मान हलवली. दुर्बिणीतून सर सांगत होते, "नाही म्हणते आहे. अजून नाहीच म्हणते आहे."

"नाईच म्हण," सुनंदा इथून म्हणाली. हीच बाई दोन वर्षांपूर्वी माझ्याशी बोलत नव्हती.

आबाजींनी माती खाली टाकली, कठड्याला पोट लावलं आणि बंडी चढावर अडल्यावर बैलाला देतात ती जिभेची टकटक सुरू केली. तेवढ्या लांब ती पोचायची शक्यता नव्हती. पण पाण्यावर एक काळी लकेर उठली, वाऱ्याची, आणि तन्वी तिच्याकडंच तोंड करून बसली होती. शीड भरलं. ती बाहेर झुकली. अगदी हळू बोट निघाली. ईशानची आई खुर्चीवर उभी राहून ओरडत होती, आणि तिचा मुलगा कधीचाच पोचून कपडे बदलत होता.

रेषा ओलांडली तेव्हा पंचांच्या बोटीवरून हात वर झाला. वेळ शिल्लक होता की नाही ते आम्हाला कळेना. मी फळ्याजवळ पळत गेलो. नावांसमोर आकडे लिहीत होते. तन्वीच्या नावासमोर खडू जरा थांबला आणि मग आकडा आला. अक्षरं नव्हे, आकडा.

ती काठावर आली ती शिडावर. उतरून पहिलं काम तिनं बोटीच्या कडीशी वाकून काहीतरी सांगितलं. काय, ते तिनं अजून सांगितलेलं नाही.

सिंदीत जीप शिरली तेव्हा नामदेवराव ओट्यावर होते. "काय दिलीप, औंदा बी टोचन का?"

मी उत्तर द्यायच्या आधी आबाजींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "जीपले लागन तं लागन. बोटीले नाई लागलं."

तन्वी बोट सोडणार नाही. तिचे काठ अजून पिवळे आहेत आणि ती ते घासू देत नाही. आमच्या घराण्यातली पाण्यात उतरलेली पहिली पोरगी हैदराबादच्या तळ्यावरची शर्यत वेळेत, स्वतःच्या शिडावर पूर्ण करून आली. तिचा नंबर शेवटून दुसरा आला.